वापसा येतो तो वुली, येत नाही तो मसिका

‘टांझानियात पावसाळा कधी असतो?’ या प्रश्नापासूनच सफारीच्या आखणीचा घोळ सुरू होतो. अरुशा, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो या उत्तर भागात पावसाळे दोन आहेत. विषुववृत्तीय पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग सरकत वर्षातून दोनदा इथून जातो. स्वाहिली भाषेत दोघांना वेगळी नावं आहेत: नोव्हेंबर-डिसेंबरचा तो वुली आणि मार्चच्या मध्यापासून मेपर्यंतचा मसिका. सहलींच्या जाहिरातींत मात्र दोन्हींवर ‘ग्रीन सीझन’ असं एकच लेबल लागतं. ते लेबल बंद व्हायला हवं. त्याच्यामुळे दिवाळीत जाणारा उगाच घाबरतो आणि मे महिन्यात जाणारा गाफील राहतो.

आपला जून ते सप्टेंबर हा काळ तिथे कोरडा असतो. न्गोरोंगोरोच्या विवराची कडा सुमारे २,३०० मीटरवर आहे, तेव्हा जुलैत स्वेटर हवाच. कपड्यांबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. आणि वुलीला ‘शॉर्ट रेन्स’, मसिकाला ‘लाँग रेन्स’ ही इंग्रजी नावं हंगामाच्या लांबीवरून पडली आहेत, सरीच्या लांबीवरून नव्हे.

खरी गफलत होते ती मिलिमीटर मोजण्यात. सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या मैदानांत वर्षाला साधारण ५०० मिमी पाऊस पडतो, वायव्येला १,२०० च्या आसपास. कोकणातला पाऊस पाहिलेला माणूस हे आकडे वाचून म्हणतो, एवढ्याने काय होतंय! पण तिथे गाडी अडकते ती मातीत. रस्ते मुरमाचे किंवा नुसत्या चाकोऱ्या. सेरेंगेटीच्या पश्चिम पट्ट्यात, ग्रुमेती नदीच्या बाजूला, आपल्याकडच्या कापसाच्या जमिनीसारखीच काळी चिकणमाती आहे. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दोन पावसाळ्यांतला फरक एका शब्दात कळेल: वापसा, म्हणजे पावसानंतर जमीन पुन्हा कामाजोगी सुकणं.

वुली येतो तेव्हा जमीन चार-पाच महिने तापून भेगाळलेली असते. दुपारी ढग जमतात, गडगडाट होतो, तास-दीड तास सर कोसळते आणि पुन्हा ऊन पडतं. तहानलेली जमीन पाणी पिऊन टाकते. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी वापसा आलेला असतो आणि प्राणी पाहायची सहाची फेरी नेहमीसारखी होते.

मसिका येतो तो आधीच मुरलेल्या जमिनीवर. ढग हटत नाहीत, ऊन पुरत नाही आणि कालचं पाणी जिरायच्या आत आजचं येतं. वापसा होतच नाही. टायरच्या खाचांत काळा चिखल ठासून बसतो, चाक गुळगुळीत होतं आणि चारही चाकांना जोर दिला तरी चारही जागच्या जागी फिरतात. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल इतका भरतो की फावड्याने खरवडावा लागतो. फरशी पुलांवरून पाणी वाहू लागलं की ते ओसरेपर्यंत अलीकडे थांबण्यावाचून उपाय नाही. शेजारच्या केनियात १ मे २०२४ रोजी मसाई मारातली तालेक नदी फुगली, कॅम्पांत पाणी शिरलं आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. तोही हाच हंगाम.

आपली मोठी सुट्टी नेमकी मे महिन्यात येते. जायचंच असेल तर शेवटचा आठवडा धरा आणि सेरोनेरा (सेरेंगेटीचा मध्यभाग) व न्गोरोंगोरो यांवर भर द्या. काळ्या मातीचा पश्चिम पट्टा सोडा, तारांगिरे उद्यानही सोडा: गवत वाढलेलं असतं आणि पाणी सगळीकडे मिळत असल्याने हत्ती उद्यानाबाहेर पांगतात. एप्रिल-मेमध्ये बरेच तंबूंचे कॅम्प बंद असतात, तेव्हा आधी विचारून घ्या. गाडीत दोन स्टेपन्या, फावडं, उंच जॅक आणि दोरखंड आहेत का, हेही विचारा. लहान विमानाने जाणार असाल तर ओल्या धावपट्टीमुळे खोळंबा होऊ शकतो. म्हणून मुंबईच्या विमानाआधी एक अख्खा दिवस अरुशात मोकळा ठेवा. खर्च वाचवायला हा दिवस कापू नका.

दिवाळीत जाणाऱ्यांनी आधी तारीख बघावी. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे कोरड्या हंगामाच्या शेपटाला. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे वुलीच्या तोंडावर. ऑक्टोबरात विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप बरेचदा उत्तरेला मारा नदीच्या आसपास असतात, नोव्हेंबरात पावसाच्या वासावर दक्षिणेकडे निघतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर मुक्काम उत्तरेला कोगाटेंडेकडे घ्यावा. ती नोव्हेंबरात गेली तर सेरोनेरा बरा.

रुआहा आणि न्येरेरे ही दक्षिणेकडची उद्यानं या हिशोबात धरू नका. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल असा एकच सलग पावसाळा असतो.

वुलीची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. मसिका जास्त पडतो, पण दरवर्षी फार फरक पडतो तो वुलीत. हिंदी महासागरातला डायपोल (पूर्व आणि पश्चिम भागांतल्या पाण्याच्या तापमानातला फरक) धन असला, म्हणजे आफ्रिकेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम असलं, की वुली बेसुमार कोसळतो, २०१९ मध्ये कोसळला तसा. आपल्या मान्सूनच्या बातम्यांत डायपोलचा उल्लेख येतोच. सप्टेंबरात तो ठळक धन दिसला, तर दिवाळीची सहलही मसिकासारखीच आखा: पश्चिम पट्टा वगळा आणि अरुशातला मोकळा दिवस धरा.