ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्यासाठी संगणक दुकानात आणण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट बंद झाली. तेव्हापासून आमच्या परभणीच्या दुकानात विंडोज ११ टाकावे, आहे तेच ठेवावे की लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम घ्यावी, आणि यांपैकी वेगवान कोणते, असे रोज विचारले जाते. जिंतूर, पाथरी, गंगाखेडहून संगणक घेऊन येणाऱ्या ग्राहकांची खेप वाया जाऊ नये, म्हणून हे पत्रक काढले आहे.

वेगाचे उत्तर आधी देतो. जुना संगणक संथ झाला, की दोष विंडोजला दिला जातो. परंतु बहुतेक वेळा अडथळा फिरणाऱ्या हार्डडिस्कचा असतो. टास्क मॅनेजर उघडून पाहावे. काही काम सुरू नसतानाही डिस्कपुढे १०० टक्के दिसत असतील, तर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तरी फारसा फरक पडणार नाही, कारण विखुरलेल्या लहान लहान फाइल वाचण्यासाठी डिस्कच्या हेडला प्रत्येक वेळी जागा बदलावी लागते. हार्डडिस्कऐवजी बसवता येणाऱ्या एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्यामुळे तोच संगणक, तेच विंडोज असूनही लक्षणीय लवकर सुरू होते. त्यामुळे खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर तो एसएसडीवर करावा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. रॅम वाढवण्यापूर्वी मात्र विंडोज ३२ बिटचे आहे का, ते पाहावे. तसे असल्यास ४ जीबीपेक्षा अधिक रॅमचा उपयोग होत नाही.

विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा बहुतांशी रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिम तपासणारी सोय) लागते. आय५-७४०० सातव्या पिढीचा असल्यामुळे बसत नाही, आय५-८४०० बसतो. ही तपासणी वगळून विंडोज ११ टाकण्याची युक्ती व्हिडिओंमध्ये दाखवतात. आम्ही ती वापरत नाही, आणि त्यावरून काही ग्राहक नाराजही होतात. परंतु अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच, याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही. ज्या कामाची हमी आम्हाला देता येत नाही, त्याचे पैसे घेणे आम्हाला पटत नाही.

विंडोज ११ न बसणाऱ्या अशा संगणकांसाठी लिनक्सच्या मिंट या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उत्तम आहे. ती मोफत आहे, ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. वायफाय, साउंड यांचे बहुतेक ड्रायव्हर तिच्यात आधीच असतात. ब्राउझर, ईमेल, मुलांचा अभ्यास आणि युनिकोड मराठी टायपिंग एवढेच काम असेल, तर नवा संगणक घेण्याची गरज नाही.

आता खरी अडचण सांगतो. बहुतेक ग्राहक फक्त सीपीयू आणतात आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणतात. संगणकाला काय जोडलेले आहे, ते सांगत नाहीत. सेवा केंद्रावर आधारचे ठसे घेण्याचे यंत्र असते, त्याची आरडी सर्व्हिस (ते यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) कंपन्या प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी देतात. हिशेबाचे टॅली आणि डिझाइनचे कोरलड्रॉ विंडोजसाठी बनलेली आहेत. डीटीपी (छपाईचा मजकूर मांडणे) करणाऱ्यांकडे श्रीलिपी हे मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर आणि ते चालण्यासाठी जोडावे लागणारे डोंगल असते, आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या फाइल त्या फॉन्टशिवाय नीट उघडत नाहीत. काही लेझर प्रिंटर विंडोजवर सहज चालतात, पण लिनक्सवर त्यांचा ड्रायव्हर नीट बसत नाही. हे सारे घरी पोहोचल्यावर लक्षात येते; मग ग्राहकाची दुसरी खेप होते आणि आम्हाला तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

म्हणून संगणकासोबत ठशांचे यंत्र, डोंगल आणि डिजिटल सहीचा टोकन अवश्य आणावा, प्रिंटरच्या मागील लेबलचा फोटो काढून ठेवावा, आणि टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा. विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप आणणार असाल, तर त्यावरील मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लक्षात असू द्यावा. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असल्यास ती उघडणारी रिकव्हरी की त्याच खात्यात सापडते आणि तिच्याविना आतील फाइल आम्हालाही काढता येत नाहीत.

निर्णय होत नसेल, तर आम्ही आपल्या डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही, आणि आपला प्रिंटर तिथेच जोडून पाहता येतो. नवी सिस्टिम शक्यतो नव्या एसएसडीवरच टाकतो आणि जुनी डिस्क न पुसता परत करतो, त्यामुळे राहून गेलेली फाइल नंतरही काढता येते. या कामाला साधारण एक दिवस लागतो. खरीप पीक विम्याची मुदत संपत आलेली असताना सेवा केंद्राच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही बदलत नाही. त्या दिवसांत फक्त बंद पडलेले संगणक दुरुस्त करून देतो.