लिहायचं तेवढं नका सांगू : कामाच्या जागी 'वाजवी सोय' आली कुठून?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये काही वर्षं मी हिशेब बघत होतो. तपासणीच्या टेबलावर खानापूरकडचा एक पोरगा होता. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हातात घेऊन नुसतं उजेडात फिरवलं की ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेमुळं राहिलेलं भोक, कुठं आहे ते त्याला दिसायचं. गेज लावायच्या आधीच तो जॉब बाजूला काढायचा आणि त्याचा अंदाज सहसा चुकायचा नाही. पण पाळी संपताना तक्ता भरायची वेळ आली की त्याचा चेहरा उतरायचा. १६चे ६१ व्हायचे, एका जॉबचा नंबर दुसऱ्याच्या ओळीत जायचा. "साहेब, लिहायचं तेवढं नका सांगू, बाकी कुठलं पण काम द्या," म्हणायचा. तिसऱ्या ताकिदीनंतर त्याला तपासणीवरून काढून ग्राइंडिंगला टाकलं. त्यानंतर गिऱ्हाइकाकडून जॉब परत यायला लागले.

त्याची कुणी कधी चाचणी केली नाही, म्हणून त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं, होता असं मी म्हणणार नाही. पण अशा माणसांसाठी कामाच्या जागी काय बदलता येतं, याला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या सीमाभागात फारसा पोचलेला नाही.

'वाजवी सोय', म्हणजे माणसाच्या अडचणीप्रमाणे कामात थोडा बदल करणं, ही मूळ कल्पना दिव्यांगांसाठी जन्मलीच नव्हती. अमेरिकेत शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे धार्मिक विश्रांतीच्या दिवशी, काम न करणाऱ्या लोकांना नोकरीवरून काढलं जायचं. १९७२ साली तिथल्या नागरी हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालकाने कामगाराच्या धर्माचरणासाठी वाजवी सोय करावी, असं ठरलं. हीच कल्पना पुढं दिव्यांगांच्या कायद्यांत आली. अमेरिकेचा १९९०चा कायदा तिच्यावरच उभा आहे, आणि ब्रिटनने १९९५ साली जवळपास तेच वेगळ्या शब्दांत मांडलं. मला हे परकं वाटत नाही. जांबोटीकडचे कामगार रोपलावणीला चार दिवस गावी जातात आणि पाळ्या फिरवून घेतल्या जातात. त्यात उपकार आहेत असं कुणालाच वाटत नाही. माणूस कामाचा आहे, त्याची अडचण माहीत आहे, म्हणून कामाची मांडणी थोडी हलवायची, एवढंच ते असतं.

भारतात मात्र कायद्याची नजर बराच काळ शरीरावरच राहिली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते. मतिमंदत्व आणि मानसिक आजार त्यांत होते, पण स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती, अध्ययन अक्षमताही (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी) नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आली, पण त्या कायद्याचा भर पालकत्व आणि सांभाळ यांवर होता. स्वमग्न माणूस नोकरी करील, हे त्यात कुणी धरलेलंच नव्हतं.

त्याच सुमारास, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ जूडी सिंगर यांच्या लेखनातून 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द पुढं आला. मेंदूची घडण माणसागणिक वेगळी असते आणि प्रत्येक वेगळेपण म्हणजे बिघाड नव्हे, हा त्याचा गाभा. त्यातूनच, ज्याच्या मेंदूची घडण नेहमीपेक्षा वेगळी आहे अशा माणसासाठी 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द रुळला. स्वमग्नता, डिस्लेक्सिया, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, अतिचंचलता) असे अनेक प्रकार त्यात येतात.

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि मग जुना कायदा अपुरा ठरला. नवा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची, हे कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. केंद्राच्या २०१७च्या नियमांत वीस किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी ठिकाणी कोणत्या सोयी देणार ते त्या धोरणात लिहायचं आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा, असं आहे. उद्यमबागेतल्या कितीतरी फौंड्र्यांत वीसपेक्षा जास्त माणसं आहेत. एडीएचडीचं नाव मात्र त्या एकवीस प्रकारांत नाही, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

आमच्या भागात आणखी एक पेच आहे, तो लिपीचा. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि हळूहळू सरकारी कागद कन्नडमध्ये आला. आज मराठी शाळेत शिकलेला पोरगा कारखान्यात येतो तेव्हा सूचनाफलक कन्नडमध्ये असतो, ड्रॉइंग इंग्रजीत, आणि सुपरवायझर मराठीत बोलतो. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं. ज्याला एकाच लिपीत ओळ धरून ठेवणं जड जातं, त्याच्यावर हा तिहेरी बोजा पडतो. लोक मात्र म्हणतात, "शिकला नाही नीट." महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पोराचं बोर्ड ते. खानापूरच्या पोराचं बोर्ड कर्नाटकचं.

याच राज्यात, बेंगळुरूत, जर्मन सॉफ्टवेअर कंपनी एसएपीने स्वमग्न लोकांना सॉफ्टवेअर तपासणीवर घेऊन बघितलं. तो अनुभव जमेस धरून २०१३ मध्ये तिने ही भरती जगभर करायचं जाहीर केलं. अशा कामांत मुलाखतीतल्या गप्पांपेक्षा प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावणं, सूचना एका वेळी एक देणं, बसायची जागा रोज न बदलणं, या गोष्टी उपयोगी पडतात. फौंड्रीत यांची रूपं वेगळी होतील. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या, ग्राइंडरचा आवाज ज्याला सहन होत नाही त्याला कानावर मफ द्यायचे, नाहीतर साच्यातले वाळूचे गाभे बनवतात त्या कोअर शॉपला घ्यायचं. दर आठवड्याला पाळी बदलली की ज्याची घडी विस्कटते त्याला एकच पाळी ठेवायची.

११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं दिव्यांगत्व किमान ४० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा कमी होतं. न्यायालय म्हणालं, ती मर्यादा आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. सोय मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही.

त्या मशीन शॉपमध्ये पुढं एका जुन्या फिटरमामांनी तक्ता बदलून घेतला. जॉबचं चित्र छापलेलं, शेजारी दोन चौकोन, एक हिरवा आणि एक लाल. दोष दिसला की चित्रावर त्या जागी गोल करायचा आणि लाल चौकोनात खूण. नंबर आधीच छापलेला. पोरगा परत तपासणीवर आला. पहिल्या दिवशी पाळी संपल्यावर त्याने भरलेला तक्ता माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि मी तो बघेपर्यंत तिथंच उभा राहिला.