पार्श्वभूमी : कानातला मळ आणि तो काढणारे हात

कानाला दडे बसले म्हणून गेलेल्या माणसाच्या कानात कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी पाहतो आणि मगच हत्यार घालतो. हा क्रम आज उघड वाटतो, पण तो रुळायला फार काळ लागला आणि दवाखान्याबाहेर तो अजूनही पाळला जात नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागात ‘कर्णगूथक’ हा कानाचा स्वतंत्र विकार सांगितला आहे. पित्ताच्या उष्णतेने कफ सुकतो आणि कानाच्या वाटेत अडकतो, असे त्याचे कारण दिले आहे. उपायही क्रमाने येतात : तेलाने भिजवावे, शेकाने सैल करावे आणि मग वैद्याने शलाकेने, म्हणजे बारीक सळईने, काढावे. आधी मऊ करणे आणि मग जाणत्या हाताने काढणे, हे सूत्र आजच्या दवाखान्यातही तसेच आहे.

खरा घोळ ‘मळ’ या शब्दाने घातला. आयुर्वेदात कानातला स्राव मांसधातूचा मल मानला आहे. अन्नापासून शरीराचे धातू (रक्त, मांस वगैरे) होताना जे उरते ते मल, असा त्याचा अर्थ. तो नेमाने निघत राहावा हीच अपेक्षा असते. रोजच्या मराठीत मात्र मळ म्हटला की घासून काढायचा. मानेवरचा, नखांतला आणि कानातला मळ घरात एकाच पंक्तीत बसतात. त्यामुळे आंघोळ झाली की टॉवेलचे टोक, फुरसत मिळाली की आगकाडी, हेअरपिन किंवा गाडीची किल्ली कानात जाते. दातकोरणे आणि कानकोरणे एकाच कडीत अडकवलेली जुन्या घरांतून सापडतात. दोन्ही कामे एकाच तोलाची मानली गेली होती. काही डॉक्टर ‘कानातले मेण’ म्हणतात. तो शब्द बोलण्यात रुळला नाही, आणि तो तितकासा नेमकाही नाही. हा पदार्थ म्हणजे दोन प्रकारच्या ग्रंथींचा स्राव आणि गळालेली त्वचा यांचे मिश्रण. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी थोपवतो आणि जंतू व बुरशीला आवर घालतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत कानात बुरशी धरते, तेव्हा हे संरक्षण किती मोलाचे ते कळते. शिवाय कानाच्या नळीतली त्वचा आतून बाहेर हळूहळू सरकत असते आणि स्राव सोबत घेऊन येते. बहुतेकांच्या कानांना इतकी सफाई पुरते. काडी नेमके उलटे करते : बाहेर निघालेले ती पुन्हा आत दाबते.

मग आजार कधी म्हणायचा? अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००८ साली आखलेली आणि २०१७ साली सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे याचे सरळ उत्तर देतात. साचलेल्या स्रावामुळे ऐकू कमी येणे, दडा, दुखणे असा त्रास होत असेल, किंवा आवश्यक ती तपासणी अडत असेल, तरच तो काढावा. नुसता दिसतो म्हणून काढू नये. लहान मुले आणि श्रवणयंत्र वापरणारे वृद्ध स्वतःची तक्रार सांगू शकतातच असे नाही, म्हणून त्यांचे कान वेळोवेळी पाहावेत. एवढी साधी माहिती मराठी घरांत पोहोचलेली नाही, याची खंत वाटते.

लाल पगडी किंवा टोपी घालून, सुया, चिमटा, कापूस आणि तेलाची बाटली घेऊन फिरणारा कान साफ करणारा शहरांत अजून तुरळक दिसतो. कानातून ‘खडा’ काढून दाखवण्याची हातचलाखी बदनाम आहेच. पण सगळ्यांना लबाड ठरवणे अन्यायाचे होईल, कारण पिढीजात कसब असलेलेही त्यांत होते. धोका वेगळा होता : एकाच्या कानातली सुई दुसऱ्याच्या कानात जाणे आणि कानाच्या पडद्यापर्यंतचे काही न दिसणे.

कापूस लावलेली काडी १९२०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली, तीही तान्ह्या बाळांसाठी. भारतात १ जुलै २०२२पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर बंदी आली, तिच्यात प्लॅस्टिकच्या काडीचे इअरबड होते. कारण पर्यावरणाचे होते. कागदाच्या आणि बांबूच्या काड्या लगेच दुकानांत आल्या, आणि कानाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

दवाखान्यात मोठा काळ कानात पाणी मारून मळ काढणाऱ्या पिचकारीचा होता. पाणी थंड असेल तर रुग्णाला गरगरते, हे व्हिएन्नातल्या एका डॉक्टरने बारकाईने पाहिले. त्या धाग्यातून तोल सांभाळणाऱ्या आंतरकर्णाचे काम उलगडले आणि १९१४चे नोबेल त्याला मिळाले. म्हणूनच पाणी अंगाइतके कोमट लागते आणि पडद्याला भोक असल्यास पाणी मारत नाहीत. १९५०च्या दशकात शस्त्रक्रियेचे सूक्ष्मदर्शक आले आणि डोळ्यांदेखत स्राव शोषून घेणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये २०१८च्या मार्गदर्शनाने हाताच्या धातूच्या पिचकारीला नकार दिला. पाणी मारणारे विजेवरचे नियंत्रित यंत्र, शोषून घेणे किंवा हत्याराने काढणे हे पर्याय ठेवले. निर्णय सुरक्षिततेचा होता. पण तिथे अनेक फॅमिली डॉक्टरांनी हे काम सोडल्यावर रुग्णांना खासगी दुकानांत पैसे मोजावे लागले, आणि त्याची झळ वृद्धांनाच जास्त बसली.

जपानने २००५ साली वेगळी रेषा ओढली. साधा स्राव काढणे ही वैद्यकीय कृती नाही, घट्ट अडकलेला गोळा काढणे मात्र आहे. त्यानंतर तिथे कान साफ करून देणारी दुकाने वाढली. अडकलेला आहे की नाही हे आत पाहिल्याशिवाय कसे कळणार, हा आक्षेप रास्त आहे.

आता मोबाइलला जोडायची कॅमेऱ्याची कानकोरणी ऑनलाइन मिळते. दिसण्याची अडचण तिने सोडवल्यासारखी वाटते, पण मोबाइलच्या सपाट स्क्रीनवर कान किती खोल आहे ते कळत नाही. प्रौढ माणसात कानाच्या तोंडापासून पडद्यापर्यंतचे अंतर साधारण अडीच सेंटिमीटर असते, आणि आतल्या भागात हाडावरची त्वचा इतकी पातळ असते की नुसत्या ओरखड्यानेही रक्त येते.