डीपी रोड की आरएल? भिंतीवरची लाल रेघ नक्की कुठली

आमच्या दादरच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर एका सकाळी लाल रंगात बाण आणि '१.५०' असा आकडा रंगवलेला दिसला. दुपारपर्यंत बिल्डिंगभर बातमी पसरली, "आपली भिंत डीपीत गेली!" तळमजल्यावरच्या काकांना रात्री झोप लागली नाही. मी सेक्रेटरी असल्यामुळे कागद काढायची वेळ माझ्यावर आली, आणि तेव्हा कळलं की भिंत डीपीत, म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्यात, गेलेलीच नव्हती. ती आरएलमध्ये, म्हणजे चालू रस्त्याच्या ठरवलेल्या कडेच्या रेषेत होती. या दोन्ही रेषा नकाशावर शेजारी शेजारी धावतात, म्हणून लोक एकीला दुसरीचं नाव देतात. त्यात नुसती भीती वाढत नाही, फुटपाथ मागायला आपण चुकीच्या दारात जाऊन उभे राहतो.

डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, शहराचा विकास आराखडा. तो १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होतो. महापालिका आखते, हरकती-सूचना मागवते, पण शेवटची मंजुरी राज्य सरकारची. मुंबईचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला, सध्याचा २०३४ पर्यंतचा आराखडा २०१८ मध्ये. त्यात शाळा, मैदान, दवाखान्यासाठी जशी जागा राखतात, तशीच रस्त्याचीही पट्टी आखतात. तिथे आज रस्ता असेलच असं नाही. चाळ असेल, झोपड्या असतील, कुणाची वाडी असेल. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता हा असाच डीपी रोड, कागदावर कित्येक वर्षं होता. असलेला रस्ता रुंद करायचा असेल तर तेही डीपीत दाखवलेलं असू शकतं, आणि गोंधळ इथेच सुरू होतो.

आरएल म्हणजे रेग्युलर लाइन. ही १८८८ च्या महापालिका कायद्यातली, कलम २९७ ची. चालू सार्वजनिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आयुक्त रेषा ठरवतात. जुनी बदलून नवी आखायची तर किमान महिनाभर आधी वर्तमानपत्रात, राजपत्रात आणि त्या रस्त्यावरही सूचना लावावी लागते, मग महापालिकेची मंजुरी. मंत्रालयापर्यंत जावं लागत नाही. रेषेच्या रस्त्याकडच्या बाजूला नवं बांधकाम परवानगीशिवाय चालत नाही, आणि इमारत पाडून पुन्हा बांधताना ती मागे घ्यायला लावता येते. यालाच आपण सेटबॅक म्हणतो. मोकळी जागा, ओटा, पायऱ्या, कंपाउंडची भिंत रेषेत येत असेल तर कलम २९९ खाली सात दिवसांची लेखी नोटीस देऊन ताबा घेता येतो. भरपाईची सोय कायद्यात आहे. आमच्या भिंतीवरचा दीड मीटर हा तोच.

खरा फरक पैशात दिसतो. डीपी रोड करायचा म्हणजे आधी जमीन हातात यायला हवी. एकतर मालकाला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच प्लॉटवर बांधकामाचं क्षेत्र) द्यायचा, नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पैसे मोजायचे. शहरात त्या कायद्याप्रमाणे बाजारभावावर तेवढीच दिलासा रक्कम वेगळी द्यावी लागते, म्हणजे हिशेब दुपटीवर जातो. वर तिथल्या रहिवाशांचं पुनर्वसन. म्हणून डीपी रोडला अर्थसंकल्पात मोठी भांडवली तरतूद लागते आणि तो वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी होतो. दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांतही संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं आणि रस्ता नकाशावरूनच जातो.

आरएलला अशी मुदत नाही. ती थांबून राहते. इमारत पुनर्विकासाला गेली की मालक ती पट्टी सोडतो, बदल्यात उरलेल्या प्लॉटवर एफएसआय घेतो किंवा टीडीआर. महापालिकेला जमिनीसाठी रोख पैसे सहसा मोजावे लागत नाहीत. कर्ब आणि पेव्हर ब्लॉक बसवायचे, एवढाच खर्च उरतो, आणि तो वॉर्ड ऑफिसच्या आवाक्यातला असतो.

म्हणून मला वाटतं, जुन्या मुंबईत फुटपाथ हवा असेल तर आरएलच्या मागे लागावं. पण तिचा दोषही आहे, तो गिरगावात उघड्या डोळ्यांनी दिसतो. नवा टॉवर मागे सरकलेला, त्याच्यापुढे पाच-सहा फूट रुंद पदपथ. शेजारची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) चाळ अजून जुन्या जागी, तिचा ओटा थेट रस्त्यावर. पुढे पुन्हा नवी इमारत, पुन्हा रुंदी. बाळाची गाडी ढकलणारी बाई शंभर पावलांत तीनदा वाहनांमध्ये उतरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पादचाऱ्याला किमान १.८ मीटर अडथळ्याविना मोकळे हवेत असं म्हटलंय. असे दात असलेल्या रस्त्यावर ते सलग कसे मिळणार?

आणखी एक गोष्ट मला फार लागली. पट्टी सोडली म्हणजे फुटपाथ झाला असं होत नाही. आमची भिंत आत घेऊन जागा रीतसर ताब्यात दिली, तरी जवळजवळ दोन वर्षं तिथे स्कूटर आणि बांधकामाची रेती होती. मी अर्जात 'फुटपाथ करावा' असं लिहीत राहिले आणि उत्तर यायचं, 'डीपी विभागाकडे चौकशी करावी.' डीपी विभागाचा त्यात संबंधच नव्हता. शेवटी आरएल रिमार्कची (रेषा प्लॉटवर कुठून जाते हे सांगणाऱ्या महापालिकेच्या कागदाची) प्रत आणि ताबा पावती जोडून 'सेटबॅकची ताब्यात घेतलेली जागा पदपथात सामील करावी' असं लिहिलं, तेव्हा ज्युनिअर इंजिनीअर टेप घेऊन आले.

तुमच्या प्लॉटचं बघायचं असेल तर डीपी रिमार्क काढा, पण तिथे थांबू नका, आरएलचे रिमार्क वेगळे मागा. रुंदीचे आकडे विचित्र दिसतील, ९.१५, १३.४०, १८.३० मीटर. ते जुने ३०, ४४ आणि ६० फूट आहेत.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्यापुढे ब्लॉक बसले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी तेवढ्या पट्टीवर येरझाऱ्या घालतात. शेजारच्या बिल्डिंगचा ओटा आला की वळतात. त्या बिल्डिंगचा पुनर्विकासाचा प्रस्ताव आता आलाय आणि आरएल तिच्याही अंगणातून जाते.