चौकडी क्विल्टिंग (घरगुती शिलाई मशीनवरील)

क्विल्टचे तिन्ही थर, म्हणजे वरचे जोडकामाचे कापड, मधली बॅटिंग (कापसासारख्या भरावाचा थर) आणि खालचे अस्तर, एकमेकांना छेदणाऱ्या समांतर सरळ टिपांनी जखडून ठेवण्याच्या पद्धतीस चौकडी क्विल्टिंग म्हणतात. टिपांचे दोन संच काटकोनात छेदले तर चौरस पडतात, ६० अंशांत छेदले तर समभुज चौकोन. हाताने घातलेली चौकडी युरोप-अमेरिकेत फार जुनी आहे. मशीनच्या टिपांना मात्र क्विल्टच्या जगात बराच काळ दुय्यम मानले गेले. १९८९ मध्ये अमेरिकेतील पादुका येथील अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्टिंग केलेल्या क्विल्टला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हापासून ही अढी सुटत गेली. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ हाताच्या धावदोऱ्याने शिवतात आणि तिच्यात बहुधा बॅटिंग नसून जुन्या लुगड्यांचे थर असतात, त्यामुळे पुढील अडचणी तिला तितक्याशा लागू होत नाहीत.

रेघ सरळ येणे हा या कामातला सोपा भाग आहे. खरी कसोटी थर सरकू न देण्याची. मशीनचे दाते फक्त खालचे कापड ओढतात, वरचे कापड फूटखाली (कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाखाली) दाबले जाऊन मागे रेंगाळते आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना तिरप्या सुरकुत्या उमटतात. नेहमीच्या फूटऐवजी बसवायच्या वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात आणि सुईच्या दांड्याला अडकवलेल्या त्याच्या हातामुळे ते खालच्या दात्यांच्या जोडीने चालतात, म्हणून वरचा व खालचा थर बरोबरीने सरकतो. टाक्याची लांबी सुमारे ३ मिमी ठेवतात, कारण जाड थरांत २ मिमीचा टाका गच्च व आखूड दिसतो.

पहिली रेघ मध्यावरून घालून तिच्या दोन्ही बाजूंना कडेकडे सरकतात. या संचातील टिपांना सरकलेले कापड बाजूला ढकलता येते. दुसरा संच सुरू झाला की ती मोकळीक संपते: प्रत्येक नवी टीप आधीच्या दोन टिपांमध्ये कोंडलेल्या कापडावरून जाते आणि पुढे ढकललेली जादा घडी नेमकी छेदबिंदूपाशी अडकून तिथे चुणी शिवली जाते. यासाठी छेद जवळ आला की वेग कमी करतात, सुई कापडातच ठेवून थांबतात आणि दोन्ही तळव्यांनी कापड हलके पसरतात. पुढून ओढल्यास सुई वाकते व टाके असमान होतात. थर एकत्र धरणाऱ्या सेफ्टी पिना सुमारे तळहाताच्या रुंदीइतक्या, म्हणजे तीन-चार इंच अंतरावर लावल्या असतील तर हा त्रास बराच कमी होतो. चौकडी ४५ अंशांत तिरपी असेल तर टिपा उरेब (विणीच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरप्या) दिशेने पडतात आणि कापड ताणले जाते; उभ्या-आडव्या चौकडीत ताण कमी, पण जोडकामाच्या शिवणींशी समांतर न राहिलेली रेघ लगेच डोळ्यांत भरते.

आखणीसाठी खडू, मास्किंग टेप किंवा कापडावर वळ उमटवणारे हेरा हे जपानी हत्यार वापरतात. इस्त्रीच्या उष्णतेने नाहीशी होणारी शाई थंडीत पुन्हा दिसू शकते, म्हणून ती आधी चिंधीवर तपासावी. पहिली रेघ आखली की बाकीची अंतरे वॉकिंग फूटला लावलेल्या मार्गदर्शक दांडीने राखता येतात, परंतु बारीक चूक प्रत्येक रेघेबरोबर वाढत जाते, त्यामुळे अधूनमधून नव्याने मोजलेली रेघ घालणे बरे.

कष्टाचा अंदाज आधी घ्यावा. ६० इंच चौरस क्विल्टवर इंचाइंचावर चौकडी घातल्यास टिपांची एकूण लांबी सुमारे १८३ मीटर होते. अंतर दोन इंच केले की निम्मी. दाट टिपांनी क्विल्ट ताठ होतो आणि आकसतोही, म्हणून बॅटिंग व अस्तर चारही बाजूंनी तीन-चार इंच जास्त ठेवून टिपा पूर्ण झाल्यावरच कडा कापतात.