फॉरवर्ड येण्याआधी, आणि आल्यानंतर

विदर्भातल्या खेड्यांत आरोग्याची माहिती पूर्वी माणसासोबत यायची. लसीकरणाची दवंडी कोतवाल द्यायचा, नर्सबाई घरोघरी फिरायच्या. १९८६ मध्ये 'सर्च' संस्था स्थापन झाली आणि पुढे गडचिरोलीतल्या खेड्यांत गावच्याच बाया आरोग्यदूत झाल्या. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर धोका आहे हे त्या ओळखू लागल्या. २००५ पासून आशाताई आल्या. यातलं कोणीही चुकलं, तर संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन विचारता यायचं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सांगणारा माणूसच गायब झाला. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पाठवायची मर्यादा घातली. मेसेजवर दुहेरी बाण दिसला, तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. मूळ कोणाचा, हे मात्र त्यातूनही कळत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात याचं नुकसान फार होतं. 'सोल्युबिलिटी' या प्राथमिक रक्तचाचणीत 'पॉझिटिव्ह' एवढंच कळलं की लोक यूट्यूब उघडतात. पण या चाचणीत द्रावण गढूळ झालं, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे इतकंच समजतं. माणूस एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीवर ठरतं. व्हिडिओतल्या काढ्याने 'बरा झालेला' अनेकदा मुळात एएसच असू शकतो, त्याला आजार नव्हताच. आणि एसएसच्या मुलाचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध त्या भरवशावर बंद केलं, तर वेदनेचे झटके पुन्हा वाढतात.

अशा 'बरं करतो' म्हणणाऱ्या जाहिरातींवरचा कायदा जुना आहे, १९५४ चा: ठरावीक आजार बरे करण्याचे दावे जाहिरातीत करता येत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपली पात्रता जाहीर करावी, असंही सांगितलं.

म्हणून आधी सांगणारा शोधावा. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि राज्य वैद्यक परिषद राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर ताडता येतात. नाव जुळलं तरी चेहरा आणि आवाज त्याचाच आहे का, हे त्याच्या रुग्णालयाच्या अधिकृत पानावर बघावं. मग कापलेली क्लिप नको, मूळ लिंक आणि आपला एचपीएलसीचा कागद घेऊन आरोग्य उपकेंद्रात जावं. कागद नसेल, तर आधी तीच तपासणी मागावी.