पानावर एक रकाना वाढवायचा आहे? आधी हे वाचा

"बिलाच्या पानावर फक्त गाडी नंबर दाखवायचाय, पाच मिनिटांचं काम ना?" असे फोन आम्हाला नेहमी येतात. कधी ते खरंच पाच मिनिटांचं असतं, कधी अर्धा दिवस जातो. असं का, ते सांगतो.

तुमची साइट आम्ही लाराव्हेलमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या एका तयार चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये), बांधली आहे. त्यात डोळ्यांना दिसणारं पान म्हणजे व्ह्यू. ते छापील बिलबुकासारखं असतं: रकाने आखलेले, आत काही नाही. भरायचा मजकूर आणून देतो तो कंट्रोलर. तो डेटाबेसमधून ऑर्डर काढतो आणि 'ग्राहक', 'एकूण' अशी नावं देऊन पानाच्या हवाली करतो. गाडी नंबर त्याच ऑर्डरच्या नोंदीत असेल, तर पानात एक ओळ वाढवली की झालं. वाहतुकीच्या वेगळ्या टेबलात असेल, तर कंट्रोलरला तिथवर पाठवावं लागतं. आणि नंबर कुठे साठवतच नसाल, तर आधी तो भरायचा फॉर्म लागणार.

नावं तंतोतंत जुळावी लागतात. कंट्रोलरने 'ग्राहक' पाठवलं आणि पानाने 'गिऱ्हाईक' मागितलं, तर लाराव्हेल पान अडवतं आणि तुम्हाला '500' हा सर्व्हरच्या चुकीचा आकडा दिसतो. आम्हाला मात्र हा आरडाओरडा आवडतो. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तिथल्या पानात, हीच चूक झाली तर रकाना नुसता कोरा राहतो, आणि कोऱ्या रकान्याकडे महिनाभर कुणाचं लक्ष जात नाही.

"मोबाइल नंबर पानात असू दे, पण दिसू देऊ नका" असंही कुणी सांगतं. तसं आम्ही करत नाही. लपवलेला नंबर ब्राउझरमध्ये 'पेज सोर्स' उघडून कुणालाही वाचता येतो. जे दाखवायचं नाही ते कंट्रोलरने पानाकडे पाठवायचंच नाही.

आता '&'ची गोष्ट. लाराव्हेलची पानं ब्लेडमध्ये लिहितात. तिथे दुहेरी महिरपी कंसातला मजकूर छापण्याआधी बिनधोक केला जातो, म्हणजे '&' सारख्या खुणेच्या जागी '&' असा संकेत लिहिला जातो. कुणी नावाच्या जागी स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) टाकली तरी ती चालत नाही, नुसती अक्षरं म्हणून उमटते. एका दुकानाची ग्राहकयादी जुन्या सॉफ्टवेअरमधून आणताना आम्ही तपासायला चुकलो. त्यातली नावं आधीच अशी बदललेली होती. ब्लेडने ती पुन्हा बदलली आणि बिलांवर 'पाटील & सन्स'चे 'पाटील & सन्स' झाले. ब्लेडचा बंदोबस्त उठवला असता तर दोन मिनिटांत सुटलो असतो, पण मग दार सताड उघडं राहिलं असतं. यादीतली नावंच दुरुस्त करत बसलो. वेळ आमचा गेला, पैसे घेतले नाहीत.

बदल सांगताना पानाचा स्क्रीनशॉट पाठवा आणि रकाना हवा तिथे खूण करा. ती माहिती आज कुठे लिहिली जाते तेही कळवा: साइटवर, एक्सेलमध्ये की गेटवरच्या वहीत. वहीत असेल, तर अर्धा दिवस धरूनच चाला.